पांढऱ्या फुलाचा लाल बाप

कार्नेशन मराठवाड्यात येत नाही, असं मला आजवर किती जणांनी सांगितलं त्याची गणतीच नाही. शिकलेल्यांनी सांगितलं, अडाण्यांनी सांगितलं, पुण्याहून एसी गाडीत आलेल्यांनी तर काचही खाली न करता सांगितलं. पूर्वी मी भांडायची. आता भांडत नाही. म्हणते, "या की घरी चहाला. मे महिन्यात या." मग ते काही येत नाहीत.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी "कामाचे अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. सातवी पास बाई मी, काय लिहिणार? त्या म्हणाल्या, "बोलता तसं लिहा, प्रयागबाई." बरं, लिहिते. वाचून कुणाला झोंबलं तर त्यांनी बाईंना विचारावं, मला नाही.

मी बावीस वर्षं एका फुलांच्या कंपनीत होते. लातूरहून नांदेडकडे जाताना रस्त्याला लागून तिचा फार्म. नाव लिहीत नाही, नावाशी माझं भांडण नाही. माझं काम फुलांचं क्रॉसिंग करून बी तयार करण्याचं. लोक म्हणतात, "म्हणजे फुलांची लग्नं लावता!" आणि स्वतःच हसतात. अहो, लग्नात नवरदेव वाजतगाजत येतो. इथं त्याला चिमट्यात धरून आणावा लागतो. आणि नवरीच्या घरातले सगळे बाप्ये आधी उपटून बाहेर काढावे लागतात. असलं लग्न कुणी पाहिलंय का?

कार्नेशन नाव माहीत नसलं तरी फूल तुम्ही पाहिलेलं असतं. लग्नाच्या स्टेजवर, सत्काराच्या बुकेत, कातरलेल्या कडांच्या पाकळ्यांचं गच्च फूल असतं ना, ते. पाकळ्यांच्या खाली एक हिरवी नळी असते, तिला आम्ही पेला म्हणायचो. झाड मूळचं थंडीचं. ऊन-थंडीचा फरक वाढला की पेला उभा फाटतो आणि पाकळ्या एका अंगाला लोंबतात. असं फूल कुणी घेत नाही. म्हणून आमच्या बायका कळ्यांना रबर घालत बसायच्या. पॉलीहाऊसच्या एका टोकाला गारव्यासाठी ओले पॅड, दुसऱ्या टोकाला मोठाले पंखे. बाहेर लातूरचा उन्हाळा आणि आत ही नाजूक बया, असा तो संसार होता.

आता बी कसं करतात ते ऐका. कार्नेशनच्या एकाच फुलात आई पण असते आणि बाप पण. बाप म्हणजे पुंकेसर, धड दहा असायला पाहिजेत. पण गच्च फुलात त्यातल्या बऱ्याच जणांनी पाकळीचं सोंग घेतलेलं असतं. वीस फुलं सोलावीत तेव्हा दोन-तीन कामाचे बाप मिळतात. आई मधोमध. खाली हिरवं पोट आणि त्यावर दोन पांढरे दोरे. गंमत अशी की बाप आधी तयार होतो, आई चार-सहा दिवस मागून. म्हणून फूल पुरतं उमलायच्या आतच पाकळ्या बाजूला सारायच्या, आतले सगळे पुंकेसर चिमट्यानं काढायचे, वर कागदी पिशवी घालायची आणि आईची वाट बघायची. तिची वेळ आली की आपल्या पसंतीच्या बापाचे पराग ब्रशनं त्या दोऱ्यांना लावायचे, पुन्हा पिशवी घालायची आणि टॅग बांधायचा. जमलं तर पाचसहा आठवड्यांनी पोट वाळतं. आत काळं बी. कलौंजीसारखं, पण चपटं.

जमलं की नाही हे मात्र दोन दिवसांतच कळतं. पराग लागलेलं फूल लगेच मान टाकतं. त्याचं काम झालेलं असतं, आता कुणासाठी नटायचं? मुदखेडचा एक डेकोरेटर आमच्याकडं फुलं न्यायला यायचा. मोठा हिकमती माणूस. पांढऱ्या फुलांचे दांडे शाईत बुडवून निळी फुलं करायचा आणि वर आम्हालाच म्हणायचा, "ह्या निळ्याचं बी करा की बाई." एकदा तो क्रॉसिंगच्या ओळीत शिरला आणि घाबराघुबरा होऊन बाहेर आला. "ओ बाई, टॅगवालीच फुलं तेवढी मरून राहिलीत. टॅगला विषबिष लावता का काय?" मी म्हटलं, "दादा, ती मेली न्हाईत. त्यांना दिवस गेलेत." बिचारा असा लाजला की त्या दिवशी भाव न करताच गेला.

मला ही विद्या आली कापसातून. देगलूरच्या पुढं, राज्याच्या हद्दीच्या पलीकडं माझ्या मावशीचं गाव. तिकडं कापसाच्या बियाण्याचे प्लॉट असायचे. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती त्याच्याचपायी. त्याचं दुःख आहे, आणि ते काही कधी जायचं नाही. पोचम्मा नावाची तेलुगू बाई मला शिकवायची. माझा अंगठा धरून म्हणायची, "मेल्लगा, मेल्लगा." म्हणजे हळू, हळू. संध्याकाळी कळी सोलायची, सकाळी नर फूल घासायचं. आणि प्रत्येक बाईनं आपापल्या रंगाचा धागा त्या फुलाच्या देठाला बांधायचा. कामून? तर बोंड गळालं की कुणाचा हात वाईट ते मुकादमाला कळावं म्हणून. माझा धागा हिरवा. धागा अब्रूचा असतो, हे मी तिथं शिकले.

लग्न होऊन लातूरला आले. आमचे मालक डाळमिलमध्ये मशीनवर. मी फार्मवर खुरपायला लागले. तिथं इनामदार मॅडम होत्या. डॉक्टर, म्हणजे फुलांच्या. पदवीवाली पोरं त्यांच्या हाताखाली क्रॉसिंग करायची आणि चिमट्यानं आईचे दोरेच तोडून ठेवायची. एक दिवस मला राहवलं नाही. खुरपं खाली ठेवलं, म्हटलं, "मॅडम, मी करून बघू का?" मॅडमनी माझी बोटं पाहिली, नखं पाहिली आणि चिमटा दिला. मी दहा फुलं सोलली, एकाही दोऱ्याला धक्का नाही. मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून खुरपं दुसऱ्या कुणाला द्या."

लगेच माझं नाक वर झालं आणि लगेच खालीही आलं. मॅडम आठवडाभर बाहेरगावी जाणार होत्या. जाताना म्हणाल्या, "फुलं रिसेप्टिव्ह झाली की पराग लावा." मी मान हलवली. रिसेप्टिव्ह म्हणजे काय, ते विचारायला काय झालं होतं? पण नवी चिमटेवाली मी, विचारते कशाला! संध्याकाळी चाळीस फुलं सोलली आणि कापसाच्या सवयीनं सकाळी उठून चाळीसांना पराग लावून मोकळी झाले. प्रत्येकाला टॅग आणि टॅगखाली माझा हिरवा धागा. मॅडम परत आल्या तेव्हा चाळीसच्या चाळीस फुलं तशीच टवटवीत, पोट एकाचंही धरलेलं नाही. चाळीस हिरवे धागे ओळीनं माझी लाज सांगत होते. कापसाची आई एका रात्रीत तयार होते. ही नाही. मॅडम रागावल्या नाहीत, भिंग दिलं आणि म्हणाल्या, "एका फुलापुढं बसा." मी सहा दिवस रोज बसले. पाचव्या दिवशी दोरे लांबले, टोकाला वाकले, सहाव्या दिवशी त्यांच्यावर बारीक लव आली आणि ओलसर दिसायला लागली. तेव्हापासून माझं एकही फूल वेळ चुकून वाया गेलं नाही. इतर कारणांनी गेली, ती सांगत बसत नाही.

आता खरी गोष्ट.

एका चैत्रात पंख्यांची मोटर जळाली. कारागीर येईपर्यंत तीन दिवस गेले. आत अशी भट्टी की पाच मिनिटं उभं राहवेना. सगळे वाफे माना टाकून बसले. आमची सर्वांत लाडकी पांढरी जात, मोठ्या फुलाची, स्टेजवाले जिच्यासाठी भांडायचे, ती तर उभीच उकडली. त्यातली निम्मीच झाडं पुढं वाचली. फक्त दाराजवळच्या कोपऱ्यात एक लाल झाड उभं होतं. बुटकं, बारक्या फुलांचं, कुणी कधी त्याच्याकडं बघायचं नाही. त्याच्या एका फुलाचाही पेला फाटला नव्हता. मी वाकून वास घेतला. लवंगेचा वास! आमच्या पांढरीला वासच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "प्रयागबाई, येत्या थंडीत ह्याला पांढरीवर घालू." पण थंडी यायच्या आत मॅडमना दुसरीकडं मोठी नोकरी लागली आणि त्या गेल्या. त्यांच्या जागी कुणी डॉक्टर आलाच नाही. आले ते मॅनेजर, सबनीस साहेब.

साहेब माणूस वाईट नव्हते, हे मी आज म्हणू शकते. हिशेबी होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "लाल छोटं फूल विकलं जात नाही. त्या झाडावर वेळ घालवू नका." मी "बरं" म्हटलं. आणि पौषात त्याच झाडाचे पराग घेऊन पांढरीच्या अकरा फुलांना लावले. झाकून काही केलं नाही, टॅगवर आईबापाचं नाव स्पष्ट लिहिलं, खाली हिरवा धागा. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं! अकरातली सात धरली. बी निघालं, पावसाळ्यात रोपं केली, चोपन्न जगली.

तेव्हा साहेबांनी वाचलं.

"प्रयागबाई, ही रोपं कसली?"

"लाल बापाची, साहेब."

"मी नको म्हटलं होतं."

"हाव."

"मग?"

"मग काय, केलं."

साहेबांचा चेहरा असा झाला की शेजारी ट्रे भरणाऱ्या रेहानाआपानं मान खाली घातली. ही आपा माझी जिवाची मैत्रीण. रोपवाटिका तिच्याकडं असायची. साहेब म्हणाले, "ती क्रॉसची आहेत हे तरी कशावरून? पांढरीचेच पराग पांढरीवर पडले असतील. तुमचा हात चुकला असेल." 'हात चुकला' म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पांढरीचंच असेल तर पांढरं निघंल. एक जरी पांढरं निघालं ना साहेब, मी चिमटा खाली ठेवते."

हे माझ्या तोंडून गेलं. कुणी वदवून घेतलं नव्हतं. चाळीस फुलांच्या वेळी विचारलं नाही, आणि ह्या वेळी विचार केला नाही. रोपांना मागचं एक टेबल मिळालं, फुलं येईपर्यंत.

मार्गशीर्षात फुलं आली. पहिलं लाल. दुसरं गुलाबी. मी तर फार्मभर मिरवत होते. तिसरं पांढरं. मग चौथं पांढरं. शेवटी साहेबांनी मोजायला लावलं. चोपन्नात अठ्ठावीस लाल-गुलाबी आणि सव्वीस पांढरी. काही तर पाच पाकळ्यांची, रानातल्या फुलासारखी. साहेब ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "अर्धं काम बोगस. चिमटा ठेवा, प्रयागबाई." मी चिमटा टेबलावर ठेवला. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात पुन्हा खुरपं.

खुरप्याचं मला दुःख नव्हतं, मी खुरप्यातूनच आले होते. पण फार्मवरचा मुकादम बायकांना म्हणाला, "प्रयागबाईचा हात फसवा निघाला बगा." ते काळजाला लागलं. हात फसवा म्हणजे आजवरचा प्रत्येक टॅग खोटा, प्रत्येक धागा खोटा. मॅडमच्या वेळेपासून मी बांधलेली शेकडो फुलं एका दिवसात संशयात गेली. मला माझा हात पुन्हा खरा करून घ्यायचा होता, बाकी काही नको होतं. पण कसा? माझं मलाच कोडं पडलेलं. मी एकही पुंकेसर आत ठेवला नव्हता, पिशवी फाटली नव्हती. मग पांढरी आली कुठून?

टेबल रिकामं करा असा हुकूम आला. चोपन्न झाडं उकिरड्यावर गेली, सोबत ते दाराजवळचं लाल झाडही गेलं. तिथं जरबेराचा वाफा व्हायचा होता. सुट्टीच्या वेळी मी आणि आपा उकिरड्यावर गेलो. मी तो लाल बाप उचलला. आणि पांढऱ्यांमधलं एक उचललं, ज्याचा दांडा ताठ होता आणि पेला बंद होता. आपा म्हणाली, "पांढरं कामून घेती? त्याच्यापायी तर समदं झालं." मी म्हटलं, "त्याच्यावर पण आळ आहे, माझ्यावर पण आहे. राहू दोघी एका घरात."

घरी तेलाचे रिकामे डबे होते, त्यांना भोकं पाडून झाडं लावली. आठवड्यानं त्या उचललेल्या पांढरीची राहिलेली कळी उमलली. मी भाकरी थापत होते आणि मालक अंगणातून म्हणाले, "लवंग कामून जाळली?" मी पिठाच्या हातानं धावले. नाक लावलं. पांढऱ्या फुलाला लवंगेचा वास! तिच्या आईला कधी वास नव्हता. हा वास बापाचा. मी तिथंच डब्यापाशी बसून रडले. मालकांना वाटलं, हात भाजला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "वासाचं काय, सेंट मारला तरी येतो." अरे माणसा! पण बरोबर आहे, माझ्या घरचा वास साहेबांनी का मानावा? हात खरा असेल तर पांढरं कुठून आलं ह्याचं उत्तर मला द्यायलाच हवं होतं, आणि ते मला दिलं आपानं. जेवणाच्या सुट्टीत मी तेच रडगाणं लावलं होतं. आपा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "मेरा बकरा काला, बकरी काली, परसो बच्चा हुआ सफेद. तो क्या बकरी बदचलन हो गई?"

मी हसले आणि हसता हसता थांबले. काळ्याच्या पोटात पांढरं लपून असतं! मग लालच्या पोटात का नसेल? माझ्या लाल बापानंच निम्म्या लेकरांना आपलं लपलेलं पांढरं दिलं असेल तर? पांढरीकडं द्यायला दुसरं काही नव्हतंच. निम्मी लाल, निम्मी पांढरी. हिशेब जुळत होता. आता सिद्ध करायचं तर एकच रस्ता. लालचं लाललाच लावायचं, जिथं पांढरीचा वाराही नाही. त्यातनं पांढरं निघालं तर माझा हात खरा.

ते मी घरी केलं. अंगणात जुन्या साडीचा मांडव, खाली डबे. लालच्या प्रत्येक कळीला कागदी पिशवी. बारक्या फुलात बाप भरपूर असतात, पराग मिळायला अडचण नव्हती. बाप आधी पिकायचा, त्याचे पराग औषधाच्या कोरड्या डबीत राखायचे आणि आई वाकली की लावायचे. खुरपून आल्यावर हे. मालक म्हणायचे, "लोक घरी पापड करतात." पण पाणी तेच घालायचे. उन्हाळ्यात मला धास्ती होती. बेचाळीस डिग्री, शेजारी डाळमिलचा धुरळा. लाल तग धरील, हे मला माहीत होतं. पण पांढरी लेकही उभी राहिली. पानं थोडी करपली, फुलं बारकी आली, पण पेला एकाचाही फाटला नाही. रबर नाही, पंखे नाहीत, पॅड नाहीत.

पुढच्या थंडीत लालच्या बियांची तेवीस झाडं फुलली. सतरा लाल. सहा पांढरी.

मी त्या दिवशी रजा टाकली आणि एका ऑटोवाल्याला सगळे डबे भरायला लावले. तो म्हणाला, "मावशी, शीट खराब हुईल." म्हटलं, "धुवून देते, चल." फार्मच्या ऑफिसपुढच्या ओट्यावर तेवीस डबे मांडले, त्यांच्या मागं लाल बाप आणि बाजूला पांढरी लेक. सबनीस साहेब बाहेर आले.

"हे काय आहे?"

"हा लाल. ही त्याची एकट्याची लेकरं. ह्यात पांढरीचा काडीचा संबंध न्हाई. मोजा साहेब, पांढरी किती ते."

त्यांनी मोजली. पण लगेच म्हणाले, "कंपनीचं झाड तुम्ही घरी नेलं. ह्याला काय म्हणतात माहीत आहे ना?"

"उकिरड्यावरून नेलं. तुमच्याच सहीनं गेलं होतं तिथं." माझा आवाज चढला होता, ट्रेवरच्या बायका उठून आल्या होत्या. "चोर म्हणायचं तर म्हणा साहेब, मी सोसीन. पण हात फसवा म्हणू नका. डोळ्यांवर विश्वास नसंल तर नाक लावा ह्या पांढरीला. वास घ्या. आणि मग सांगा हिचा बाप कोण."

साहेब एवढ्या बायकांपुढं वाकले, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. दुसरा वाकला नसता. त्यांनी पांढऱ्या फुलाचा वास घेतला, मग लालचा घेतला, मग पुन्हा पांढऱ्याचा. सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "सोमवारपासून क्रॉसिंगला या."

चुकलं म्हणाले नाहीत. माझी ती अपेक्षाही नव्हती. पण मी म्हटलं, "चिमटा तुमच्या हातानं द्या." साहेब आत गेले, ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, आणि चिमटा घेऊन आले. मुकादम तिथंच होता. मी चिमटा घेतला तो त्याच्याकडं बघून.

रात्री इनामदार मॅडमना फोन केला. मी बकरीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसून हसून बेजार झाल्या. मग म्हणाल्या, "प्रयागबाई, हेच मला कॉलेजात दोन वर्षं शिकवलं. तुम्ही एवढं घरी डब्यात केलंत." मी म्हटलं, "मॅडम, मला पण दोन वर्षंच लागली." पण एक सल आहे आणि तो राहणार. चोपन्नातलं एकच वाचलं. उरलेल्या त्रेपन्नात काय काय होतं, कुणाला माहीत? मी ती पैज लावली नसती, तोंड आवरलं असतं, तर कदाचित वाचली असती. जिद्दीचं पण मोल द्यावं लागतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पांढरी लेक माझ्या अंगणातच आहे, तेव्हा कंपनीनं ती मागितली नव्हती. दरवर्षी फुटवे काढून नवीन लावते, जुनं झाड थकतं. आणि मे महिन्यात चहाला या म्हटल्यावर खरोखर आलेला पहिला माणूस म्हणजे सबनीस साहेब. ह्याच वैशाखात आले. आता मोठ्या हुद्द्यावर आहेत, केस पांढरे झालेत. घामानं शर्ट भिजलेला, आणि ते डब्यापुढं उभे. डब्यात तीन फुलं होती.

"कंपनीला उन्हाळा सोसणारं पांढरं पाहिजे," म्हणाले. "सगळीकडं शोधलं. मग तुमची आठवण झाली."

"उकिरड्यावर शोधलं का?" मी म्हटलं.

ते हसले. मग मान खाली घालून म्हणाले, "त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं, ते राहून गेलं, प्रयागबाई. तुमचा हात खरा होता."

मी चहाची किटली खाली ठेवली. किती वर्षांनी आलं ते वाक्य! उठले आणि फुटवे काढले, चांगले नऊ. लेक घरात कोंडून कुणाचं भलं होत नाही. ओल्या कागदात गुंडाळले. साहेबांनी खिशातून छापील टॅग काढले, कंपनीचा नंबर असलेले, आणि एकेका फुटव्याला बांधले. त्यांचं झाल्यावर मी शिवणाच्या डब्यातून रीळ आणलं आणि प्रत्येक टॅगखाली हिरवा धागा बांधला.

"हे कशाला? नंबर आहे ना," म्हणत साहेबांनी एक धागा सोडवायला हात घातला.

मी त्यांचा हात धरला. उभ्या आयुष्यात साहेबाचा हात पहिल्यांदा धरला.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. गळालं की कुणाचं, हे सांगायला आजवर हा धागा बांधला. आता उभं ऱ्हायलंय, तर कुणाचं, ते पण कळू द्या."